अभिधर्मकोश : मंगोल विहारांत आणि अहमदनगरच्या भुईकोटात

बौद्ध आचार्य वसुबंधूचा संस्कृत ग्रंथ. सुमारे सहाशे कारिका आणि त्यांवर त्याचेच भाष्य. आठ कोशस्थाने (प्रकरणे), शेवटी पुद्गलवादाचे (व्यक्तीला खरे अस्तित्व मानणाऱ्या मताचे) खंडन. वसुबंधू मूळचा पुरुषपूरचा (पेशावर). त्याचा काळ चौथे शतक की पाचवे, याबद्दल मतभेद आहेत.

मंगोल विहारशिक्षण : १५७८मध्ये मंगोल शासक अल्तान खान आणि तिबेटी लामा सोनम ग्यात्सो यांची भेट झाली. ‘दलाई लामा’ ही पदवी तेव्हाची. पुढे दलाई लामांच्या गेलुग पंथाबरोबर त्याचा अभ्यासक्रमही मंगोलियात रुजला. प्रमाणवार्तिक, अभिसमयालंकार, मध्यमकावतार, अभिधर्मकोश आणि विनयसूत्र हे त्याचे पाच आधारग्रंथ. पाचही मूळचे भारतीय. अठराव्या शतकात तंजूर (भारतीय शास्त्रग्रंथांचा तिबेटी अनुवादसंग्रह) मंगोली भाषेत आला, तरी पाठांतर आणि वाद बहुतांशी तिबेटीतच चालत. वादात उत्तर देणारा जमिनीवर बसे. प्रश्न विचारणारा त्याच्यासमोर उभा राही आणि प्रश्न पुरा होताच पाय आपटून टाळी वाजवी. कोशाच्या तिसऱ्या स्थानातील मेरुपर्वत, चार द्वीपे व त्यांची मापे या मार्गाने गोबीच्या उत्तरेला पोहोचली.

मंगोलियातील कम्युनिस्ट राजवटीच्या १९३७–३९च्या दडपशाहीत बहुतेक विहार नष्ट झाले. उलानबातरचा गंदन विहार १९४४मध्ये पुन्हा उघडला. तेथील बौद्ध विद्यापीठ १९७०चे.

अहमदनगर : गंदन उघडला त्या सुमारास हाच अभिधर्मकोश भिंगारलगतच्या भुईकोट किल्ल्यात अभ्यासला जात होता. ‘छोडो भारत’ आंदोलनात १९४२ ते १९४५ येथे स्थानबद्ध असलेल्या नेत्यांत आचार्य नरेंद्र देव होते. दम्याचा त्रास सोसत त्यांनी कोशाचा हिंदी अनुवाद केला. आधार होता बेल्जियन विद्वान पूसँ यांच्या फ्रेंच भाषांतराचा (१९२३–३१), जे मुख्यतः चिनी व तिबेटी पाठांवरून झाले होते. भारतात लिहिलेला ग्रंथ भारतीय कैद्याने फ्रेंचमधून परत आणला. किल्ल्याची ओळख नेहरूंनी याच कैदेत लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथाने होते. हे काम त्याहून कमी मोलाचे नाही.

संस्कृत मूळ : राहुल सांकृत्यायन यांना तिबेटमध्ये कोशाची संस्कृत हस्तलिखिते सापडली. कारिकांचा पाठ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील वा. वि. गोखले यांनी १९४६मध्ये प्रसिद्ध केला, भाष्य प्रल्हाद प्रधान यांनी १९६७मध्ये. नरेंद्र देव १९५६मध्ये वारले. त्यांचा अनुवाद अलाहाबादच्या हिंदुस्तानी अकादमीने १९५८पासून छापला.