कारखान्याबाहेर घडलेली गाडी

यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्याची दृष्टी बहुधा कारखान्याच्या दरवाजाशी येऊन थांबते. यंत्र कोणी शोधले, किती संख्येने निघाले, त्याला काय मोल पडे, एवढे सांगितले की प्रकरण पुरे झाले असे आपण समजतो. दरवाजाबाहेर पडल्यावर ते कोणाच्या हाती गेले, किती वेळा मोडले, कोणी कशाने जोडले, याची नोंद क्वचितच होते. आणि यंत्राच्या आयुष्याचा मोठा भाग तर याच नोंद नसलेल्या काळात सरतो. मागे उघडा हौदा असलेल्या छोट्या मालमोटारीची, जिला आज सर्वत्र 'पिकअप' म्हणतात तिची, कुळकथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्या जन्माचे श्रेय अमेरिकेतील मोटार कंपन्यांना देण्यात येते. परंतु कंपन्यांनी ती विकावयास काढण्यापूर्वीच तेथील शेतकऱ्यांनी आणि गावलोहारांनी ती आपल्या हातांनी घडविली होती.

या कथेचा आरंभ फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' या गाडीपासून होतो. ती १९०८ च्या ऑक्टोबरात बाजारात आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ च्या सुमारास तिचा सर्वांत स्वस्त प्रकार २६० डॉलरना मिळू लागला, आणि १९२७ च्या मे महिन्यात तिचे उत्पादन थांबले तोपर्यंत दीड कोटींहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. या स्वस्ताईचे मर्म १९१३ साली हायलंड पार्क येथील कारखान्यात सुरू झालेल्या सरकत्या जुळणीत होते. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जुळविण्यास पूर्वी साडेबारा तास लागत. ते काम दीड तासावर आले. त्यासाठी प्रत्येक कामगाराच्या वाट्याला एकच हालचाल ठेवण्यात आली, आणि ती त्याने दिवसभर करीत राहावयाची होती. त्याला साऱ्या गाडीचे ज्ञान असण्याचे कारणच उरले नाही.

याच ठिकाणी इतिहासाने एक विलक्षण गंमत करून ठेवली आहे. जी गाडी घडविणाऱ्याला एका बोल्टापलीकडे काही ठाऊक नसे, तीच गाडी विकत घेणाऱ्याला तिचा प्रत्येक बोल्ट ओळखावा लागे. कारखान्याने कामगाराकडून जे कसब काढून घेतले, ते शेकडो मैलांवरच्या शेतकऱ्याच्या कोठारात पुन्हा जन्माला आले.

गाडीची रचनाच तशी होती. पेट्रोलची टाकी बैठकीखाली असे आणि इंधन केवळ उतारानेच इंजिनाकडे वाहत जाई. तीव्र चढावर टाकीतले पेट्रोल आटत आले असले की ते पुढे पोहोचेना. मग गाडी फिरवून उलटी चढवावयाची, अशी युक्ती लोकांनी काढली. पेट्रोल किती उरले हे सांगणारा काटा नव्हता. बैठक उचलून टाकीत काठी बुडवून पाहावे लागे. हँडल मारताना इंजिनाने उलट झटका दिला तर मनगट मोडे. पण याच गाडीच्या तळाशी एक झाकण होते. ते उघडले की इंजिन न उतरविताही आतली बेअरिंगे हाती लागत. बेअरिंग ढिले झाले की त्याची टोपी काढावयाची, कानशीने किंचित घासावयाची आणि पुन्हा आवळावयाची. पान्हा, पक्कड, कानस आणि धीर, एवढ्या सामग्रीवर माणूस या यंत्राच्या पोटात शिरू शकत असे.

एकदा पोटात शिरलेला माणूस दुरुस्तीवर कसा थांबेल? शेतकऱ्याला प्रवासापेक्षा वाहतुकीची गरज अधिक होती. त्याने दोन आसनी गाडीचा मागचा भाग काढला आणि तेथे फळ्यांची पेटी ठोकली. दूध, अंडी, धान्याची पोती, प्रसंगी वासरूसुद्धा त्या पेटीतून बाजाराला जाऊ लागले. मागची चाके उचलून त्यांना पट्टा लावला की त्याच इंजिनावर लाकडे कापण्याची करवत चाले, पाण्याचा पंप चाले, मक्याचे दाणे सोलणारे यंत्र चाले. कपडे धुण्याचे यंत्रदेखील चाले. गाडीचा ट्रॅक्टर करून देणारे सुटे संचही विकले जात. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या अभ्यासकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या ग्रामीण उद्योगाचा विस्तृत परामर्श घेतला आहे. यंत्राचा अर्थ शोधकाइतकाच वापरणाराही ठरवितो, हे त्यांचे प्रतिपादन या उदाहरणाने पूर्णपणे पटते.

कंपनीला हे पाहूनच शहाणपण आले असे म्हणावे लागेल. १९१७ च्या जुलैमध्ये तिने एक टन भार वाहणारी 'टीटी' ही मालमोटार ६०० डॉलरना काढली. प्रारंभी ती नुसती चासीच होती. वरचे खोके ज्याने त्याने आपल्या सुताराकडून करून घ्यावे अशी व्यवस्था होती. पुढे १९२५ च्या एप्रिलमध्ये तयार हौद्याची छोटी गाडी २८१ डॉलरना विक्रीस आली. मागे उघडझाप करणारा फाळका, कडेला खुंट रोवण्यासाठी खाचा आणि भार पेलणारे मागचे जाड पाटे, अशी तिची घडण होती. कारखान्यातून निघालेली ही फोर्डची पहिली पिकअप; पण तिच्यात असे काय होते, जे शेतकऱ्यांनी आधी ठोकून पाहिले नव्हते?

तथापि या हौशी कारागिरीचे नुसते गुणगान करणे योग्य नव्हे. यंत्रात एक बदल केला की तो दुसऱ्या बदलाची मागणी करतो. मॉडेल टीला पुढे जाण्याचे दोनच वेग होते. चढावर भार ओढण्यासाठी लोक मागे एक जादा गियरपेटी बसवीत. परंतु गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून मूळच्या गियरपेटीच्या आत होता. जादा पेटीचे दाते उतारावर सुटले की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटे, आणि त्याबरोबर तो ब्रेकही निरुपयोगी होई. हाताचा ब्रेक होता, पण तो उभी गाडी धरून ठेवण्यापुरता. म्हणून जाणते लोक मागच्या चाकांना बाहेरून आवळणारे स्वतंत्र ब्रेक आधी बसवीत, आणि मगच गियरपेटीला हात लावीत. ज्याला हा क्रम कळला नाही, त्याला तो एखाद्या घाटाने शिकविला असेल.

या विद्येची खरी कसोटी पुढच्या दशकात लागली. १९२९ च्या मंदीपाठोपाठ अमेरिकेच्या मध्य मैदानांत अवर्षण पडले. नांगरून उघडी पडलेली माती वाऱ्याने उडू लागली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी आलेल्या धुळीच्या वादळाने भरदिवसा अंधार केला. जमिनी गेल्या, घरे गेली, आणि ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा येथील असंख्य कुटुंबे जुन्या मोटारींत संसार लादून कॅलिफोर्नियाकडे निघाली. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ च्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' या कादंबरीतील जोड कुटुंबाची गाडी ही मूळची हडसन सेडान. तिचा मागचा भाग छिन्नीने कापून तिचा ट्रक केलेला आहे. वाटेत सोबतच्या दुसऱ्या कुटुंबाच्या गाडीचे बेअरिंग जाते, तेव्हा दोघे भाऊ भंगारवाल्याकडून तसाच जुना दांडा आणून रात्री तो बसवितात. मालकी उरली होती ती या गाडीची आणि ती चालू ठेवण्याच्या कसबाची. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी तर राज्याच्या सीमेवर शिपाई बसवून निर्धन प्रवाशांना परतविण्याचा उद्योग केला. शेकडो मैल रखडत आलेली गाडी नाक्यावरच्या हुकुमापुढे थांबे. तेथे पान्ह्याचा उपयोग नव्हता.

ही कथा आपणांस सर्वस्वी परकी नाही. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. आपल्या देशातही ट्रकची नुसती चासी घ्यावयाची आणि वरचा साज स्थानिक मिस्त्रीकडून चढवून घ्यावयाचा, ही रीत दृढ झाली. तमिळनाडूतील नामक्कल व तिरुचेंगोडे ही गावे त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. बदलीच्या हुकुमासरशी आपले बिऱ्हाड ज्या हौद्यातून एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाते, त्यावर कारखान्याइतकीच एखाद्या अनामिक सुताराची व लोहाराची मुद्रा असते.

आता मात्र काळ पालटला आहे. आजच्या वाहनाच्या पोटात शिरावयास पान्हा पुरत नाही. संगणकाची सांकेतिक किल्ली लागते, आणि ती निर्मात्याच्या हाती असते. म्हणूनच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली मोटारीच्या दुरुस्तीचा हक्क कायद्याने मान्य केला. २०२३ च्या जानेवारीत तेथील शेतकरी संघटनेला ट्रॅक्टरच्या दुरुस्तीसाठी जॉन डियर कंपनीशी लेखी समझोता करावा लागला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली; शेतीची अवजारे आणि वाहने हे विषय तिच्या कक्षेत होते. हे प्रश्न फायलींच्या रूपाने ज्यांच्या मेजावर येतात, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की दुरुस्तीचा हक्क हे काही नवे मागणे नव्हे. शंभर वर्षांपूर्वी कोठाराच्या सावलीत कानस चालविणारा शेतकरी तो कोणाला न विचारता बजावीत होता, आणि त्याच्या त्या बजावण्यातूनच कंपनीला तिची पुढची गाडी सुचली होती.