कुलूप तुटलं, करार टिकला

व्यापारी करारनाम्यात स्क्रू ड्रायव्हरचं नाव सहसा येत नाही. डिजिटल चित्रपट दाखवणारी यंत्रं बनवण्याच्या परवान्यांत मात्र ते येतं, तेही मुख्य करारात नाही, मागे जोडलेल्या परिशिष्टात. तिथे हत्यारांची चक्क प्रतवारी केलेली असते. पहिल्या गटात कुठल्याही दुकानात मिळणारी स्वस्त साधनं: स्क्रू ड्रायव्हर, जंपर, क्लिपा, सोल्डरिंग आयर्न. दुसऱ्या गटात जाणकार हौशी माणसाकडे असतील अशी साधनं: मेमरी चिप वाचणारी-लिहिणारी उपकरणं, डीबगर, डीकंपायलर. तिसऱ्या गटात व्यावसायिक प्रयोगशाळेतली सामग्री: लॉजिक अ‍ॅनलायझर, चिप उकलून पाहण्याची यंत्रणा. पहिल्या दोन गटांतल्या कशानेही यंत्रातल्या गुप्त किल्ल्या हाती लागता कामा नयेत, आणि तिसऱ्या गटातली सामग्री वापरणाऱ्यालाही ते सहजासहजी जमू नये, अशी अट असते.

ही अट कुठल्याही संसदेनं घातलेली नाही. चित्रपट कंपन्या, टीव्ही-प्लेअर बनवणारे आणि संगणकवाले यांच्या बैठकांत घासाघीस होऊन ती तयार झाली. कायद्याने जे हाती लागलं नाही, ते हॉलीवूडनं करारानं कसं मिळवलं, याचा इतिहास या परिशिष्टांत दडलेला आहे.

सुरुवात एका पराभवापासून होते. सोनीचा बीटामॅक्स हा घरगुती रेकॉर्डर बाजारात आल्यावर युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६ साली सोनीला कोर्टात खेचलं. टीव्हीवरचा चित्रपट लोक घरी टेप करतात, तेव्हा यंत्र विकणाराही चोरीत भागीदार आहे, असं त्यांचं म्हणणं. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा मतांनी सोनीच्या बाजूनं निकाल दिला. नंतर बघण्यासाठी कार्यक्रम टेप करणं गैर नाही आणि ज्या यंत्राचा रास्त उपयोग आहे, ते विकणंही गैर नाही, हे त्यातून पक्कं झालं.

मग तांत्रिक उपाय आले. मॅक्रोव्हिजन कंपनीची युक्ती १९८५ साली ‘द कॉटन क्लब’च्या व्हिडिओ कॅसेटवर पहिल्यांदा वापरली गेली. टीव्हीच्या पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींमध्ये ती खोटे स्पंद घुसडायची. टीव्हीला त्यानं फरक पडत नसे. पण रेकॉर्डरमधला संकेताची पातळी आपोआप सांभाळणारा भाग त्यानं गोंधळून जाई आणि नक्कल कधी काळवंडलेली, कधी भगभगीत निघे. गोम अशी की ज्या रेकॉर्डरची घडण वेगळी होती, त्यावर या युक्तीचा परिणाम होत नसे, आणि यंत्राची घडण कशी असावी हे सांगण्याचा अधिकार चित्रपट कंपन्यांना नव्हता.

डीव्हीडीच्या वेळी ही चूक पुन्हा करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. १९९५ साली तोशिबा-टाइम वॉर्नर आणि सोनी-फिलिप्स या दोन गटांत तडजोड होऊन एकच तबकडी ठरली. नोव्हेंबर १९९६ मध्ये ती जपानच्या दुकानांत येणार होती. पण तिच्यावरचा चित्रपट डिजिटल होता, म्हणजे शंभरावी नक्कलही पहिलीइतकीच स्वच्छ. संरक्षणाची हमी मिळाल्याशिवाय आपले चित्रपट तबकडीवर द्यायला स्टुडिओ तयार नव्हते. १९९६ साली चित्रपटवाले आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले यांनी मिळून एका कायद्याचा प्रस्ताव पुढे केला: प्रत्येक यंत्रानं नक्कलबंदीची खूण पाळलीच पाहिजे. संगणक उद्योगानं हरकत घेतली. सर्वसाधारण कामांसाठी बनवलेल्या संगणकाची रचना सरकारनं ठरवावी, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

तिन्ही उद्योगांच्या तंत्रज्ञांचा एक संयुक्त गट बैठका घेऊ लागला आणि त्यातून वेगळी वाट निघाली. मात्सुशिता आणि तोशिबा यांनी चित्रपट सांकेतिक रूपात बंद करण्याची पद्धत तयार केली. कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टम, म्हणजेच सीएसएस, हे तिचं नाव. तिची किल्ली अवघी ४० बिटांची होती. त्याहून लांब किल्ल्यांचं तंत्र अमेरिकेबाहेर पाठवण्यावर त्या काळी निर्बंध होते. हे कुलूप अभेद्य नाही, याची कल्पना तज्ज्ञांना होती. पण सगळी भिस्त कुलपावर नव्हतीच. किल्लीशिवाय तबकडी वाचता येत नाही, आणि किल्ली हवी तर सही करावी लागते, ही खरी मेख होती.

परवान्यासाठी प्रशासकीय शुल्क वगळता फारसं काही मोजावं लागत नव्हतं. किंमत अटींच्या रूपात होती. प्लेअरच्या अ‍ॅनलॉग जोडणीतून मॅक्रोव्हिजनचे स्पंद गेलेच पाहिजेत. उलगडलेला चित्रपट डिजिटल रूपात मोकळा बाहेर पडता कामा नये. जगाचे पाडलेले विभाग पाळले पाहिजेत. या वाटणीत भारतीय उपखंड रशिया आणि बहुतेक आफ्रिकेसोबत पाचव्या विभागात गेला, त्यामुळे अमेरिकेतल्या नातेवाइकानं प्रेमानं पाठवलेली पहिल्या विभागाची तबकडी इथल्या नियम पाळणाऱ्या प्लेअरमध्ये चालेना. १९९८ च्या डिसेंबरात या परवान्यांचा कारभार पाहण्यासाठी डीव्हीडी कॉपी कंट्रोल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा आला. डिजिटल कुलूप फोडणं आणि फोडण्याची साधनं विकणं त्यानं बेकायदा ठरवलं. पण संगणकवाल्यांच्या आग्रहानं त्यात एक खुलासाही घालण्यात आला: एखाद्या संरक्षक खुणेला प्रतिसाद देईल अशाच पद्धतीनं यंत्र बनवण्याची सक्ती हा कायदा करत नाही. अपवाद प्रामुख्याने मॅक्रोव्हिजन पाळायला लावलेल्या अ‍ॅनलॉग रेकॉर्डरचा. म्हणजे कुलूप फोडू नका, इतकंच कायदा सांगत होता. घराच्या भिंती किती जाड असाव्यात, हे सांगण्याचं काम करारावर आलं.

त्यामुळे करारांची परिशिष्टं लठ्ठ होत गेली. हिताची, इंटेल, मात्सुशिता, सोनी आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी १९९८ साली एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात चित्रपट सुरक्षित नेण्याची पद्धत आणली. हत्यारांची ती प्रतवारी तिच्या परवान्यात स्पष्ट दिसते आणि पुढच्या अनेक परवान्यांत ती जवळपास तशीच उतरली. तिच्या आसपासची कलमं वाचताना एखाद्या कारखान्यातल्या टेबलाशी उभं असल्यासारखं वाटतं. संरक्षण बंद करणारं बटण किंवा जंपर यंत्रात नको. कापली की संरक्षण निकामी होईल अशी तांब्याची रेघ सर्किट बोर्डावर नको. महत्त्वाच्या चिपा खोबणीत बसवण्याऐवजी सोल्डर करा किंवा इपॉक्सीनं चिकटवा. ग्राहक ज्यात स्वतः कार्ड बसवू शकतो, अशा मार्गावरून उलगडलेला चित्रपट वाहू देऊ नका. सॉफ्टवेअर असेल तर त्यानं स्वतःचीच तपासणी करावी आणि कुणी त्यात फेरफार केला असेल तर चालायचं थांबावं. विशेष म्हणजे या कलमांचा भंग झाला, तर करारावर सही नसलेल्या चित्रपट कंपन्यांनाही लाभार्थी म्हणून थेट कोर्टात जाण्याची सोय ठेवलेली असे.

नियम कागदावर कितीही कडक असले, तरी शेकडो परवानाधारकांपैकी एकाच्या हलगर्जीपणानं सगळं उघडं पडू शकतं. ते १९९९ साली घडलं. डीव्हीडीच्या प्रत्येक तबकडीवर तिची किल्ली चारशेहून अधिक वेळा लिहिलेली असते, दर वेळी वेगवेगळ्या प्लेअर-किल्लीनं बंद करून. झिंग टेक्नॉलॉजी या कंपनीच्या संगणकावर चालणाऱ्या प्लेअरमध्ये त्याची प्लेअर-किल्ली पुरेशी झाकलेली नव्हती. नॉर्वेतला पंधरा वर्षांचा योन लेक योहानसेन आणि त्याचे दोन निनावी साथीदार यांनी त्या ऑक्टोबरात सीएसएसचं कुलूप उघडणारा ‘डीसीएसएस’ हा छोटासा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. काही दिवसांतच फ्रँक स्टीव्हन्सन यानं कुलपाचं गणितच उकलून मांडलं आणि उरलेल्या किल्ल्या साध्या संगणकावरही काढता येतात, हे दाखवलं.

पुढची चार-पाच वर्षं खटल्यांची गेली. न्यूयॉर्कमध्ये हा प्रोग्रॅम प्रसिद्ध करणाऱ्या ‘२६००’ या हॅकरांच्या नियतकालिकाविरुद्ध स्टुडिओ जिंकले. ऑस्लोच्या न्यायालयानं जानेवारी २००३ मध्ये योहानसेनला निर्दोष सोडलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात अपिलातही तो सुटला. स्वतः विकत घेतलेली तबकडी बघणं हा गुन्हा नव्हे, असं तिथल्या न्यायाधीशांचं मत पडलं. कॅलिफोर्नियात तर जे घरोघरी पोचलंय त्याला व्यापारी गुपित म्हणता येणार नाही, असं अपील न्यायालयानं २००४ साली सांगितलं.

म्हणजे कुलूप गेलं होतं. तरीही सीएसएसचा परवाना घेतलेल्या बहुतेक नामांकित कंपन्यांनी डीव्हीडीची सरळ नक्कल करणारं यंत्र उघडपणे विकायला काढलं नाही. ज्यांनी धाडस केलं, त्यांचं काय झालं हे कॅलिफोर्नियातल्या कॅलिडोस्केप कंपनीच्या उदाहरणात दिसतं. विकत घेतलेल्या डीव्हीडी एका सर्व्हरवर उतरवून घरातल्या कुठल्याही खोलीत बघता याव्यात, अशी हजारो डॉलर किमतीची यंत्रणा ती विकत होती. तिनं कुलूप फोडलं नव्हतं. रीतसर परवाना घेतला होता. डिसेंबर २००४ मध्ये परवाना देणाऱ्या संस्थेनं करारभंगाचा दावा लावला.

२००७ साली पहिला निकाल कंपनीच्या बाजूनं लागला, तो एका बारकाव्यावर. ज्या तांत्रिक पुस्तिकेत तबकडी यंत्रात असतानाच चित्रपट चालावा असा अर्थ निघत होता, ती पुस्तिका सही झाल्यानंतरच हातात मिळत असे. सही करताना न पाहिलेला दस्तऐवज कराराचा भाग नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. परवाना देणाऱ्यांची गुप्तता त्यांच्याच अंगाशी आली. पण १२ ऑगस्ट २००९ रोजी अपील न्यायालयानं हा निकाल फिरवला: करारात उल्लेख असलेली पुस्तिका बंधनकारकच आहे. २०१२ साली मनाई हुकूम झाला, २०१४ साली तडजोड झाली. कंपनी आता स्टुडिओंकडून परवाना घेऊन चित्रपट डाउनलोड करून देते.

त्या अपिलाच्या निकालाच्या आदल्याच दिवशी, ११ ऑगस्टला, सॅन फ्रान्सिस्कोत न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी डीव्हीडी संगणकावर उतरवणाऱ्या ‘रिअलडीव्हीडी’ या प्रोग्रॅमवर बंदी घातली. तोही परवानाधारकाचाच माल होता. त्याची निर्माती रिअलनेटवर्क्स. दहा वर्षांपूर्वी जिच्या प्लेअरमधून किल्ली निसटली, त्या झिंगची ती मालक कंपनी. २०१० साली तिनं विक्री थांबवून स्टुडिओंना ४५ लाख डॉलर न्यायालयीन खर्च दिला.

सरकारनं या प्रांतात शिरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो फसला. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं नोव्हेंबर २००३ मध्ये हुकूम काढला की जुलै २००५ पासून डिजिटल टीव्हीच्या प्रत्येक ग्राहकयंत्रानं प्रक्षेपणातली नक्कलबंदीची खूण ओळखावी. इथेही वाद संरक्षणाच्या मजबुतीच्या पातळीवरून झाला. स्टुडिओंना तज्ज्ञालाही भारी पडेल अशी तटबंदी हवी होती. आयोगानं सर्वसाधारण ग्राहकाला सहज मिळणाऱ्या साधनांनी ती मोडता येऊ नये, एवढ्यावर भागवलं. ६ मे २००५ रोजी अपील न्यायालयानं ग्रंथालय संघटनांच्या अर्जावर हुकूमच रद्द केला, कारण संकेत घरात पोचल्यानंतर यंत्र त्याचं काय करतं, हे ठरवण्याचा अधिकार आयोगाला नव्हता. केबल टीव्हीच्या बाबतीत मात्र असले नियम परवान्यात होते, आणि ते टिकले.

डीव्हीडीनंतरच्या तबकड्यांसाठी ठेच लागून शहाणपण आलं होतं. ब्लू-रेच्या पद्धतीत फुटलेली किल्ली पुढच्या तबकड्यांपुरती रद्द करण्याची सोय होती. २००७ च्या सुरुवातीला किल्ल्या बाहेर पडल्याच, तेव्हा ‘विनडीव्हीडी’ वापरणाऱ्यांना नवी आवृत्ती घ्यावी लागली. नाहीतर नवे चित्रपट त्यांच्याकडे चालले नसते. चूक परवानाधारकाची आणि हेलपाटा गिऱ्हाइकाला, असा हा हिशेब होता. २०१० साली प्लेअर टीव्हीला जोडणाऱ्या केबलवरच्या संरक्षणाची तर मूळ किल्लीच इंटरनेटवर आली आणि ती खरी असल्याचं इंटेलनं मान्य केलं. तरी कारखानदारांच्या सह्या होतच राहिल्या.

या सगळ्यात एक वर्ग कायम बाहेर राहिला. ज्याचा प्रोग्रॅम कुणीही वाचावा आणि हवा तसा बदलावा, अशा मुक्त सॉफ्टवेअरला ‘फेरफार करता येऊ नये’ ही अट पाळणं मुळातच अशक्य. म्हणून लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर डीव्हीडी बघणाऱ्यांना बराच काळ परवान्याबाहेरच्या वाटेनं जावं लागलं.

भारतानं २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम घातलं: कुलूप फोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मात्र कायद्यानं मनाई न केलेल्या कारणासाठी कुलूप उघडण्याची मुभा त्यात राखली. इथल्या गिऱ्हाइकाला मजबुतीच्या अटींचा चटका कायद्यातून नव्हे, मोबाइलमधून बसला. नेटफ्लिक्ससारख्या सेवा फोनच्या सुरक्षेची पातळी बघून चित्र पाठवतात. गूगलच्या वाइडवाइन पद्धतीत ‘एल१’ म्हणजे किल्ल्या आणि उलगडलेला चित्रपट प्रोसेसरच्या राखीव, सुरक्षित भागात. ‘एल३’ म्हणजे सगळं काम साध्या सॉफ्टवेअरमध्ये. २०१८ साली भारतात दणक्यात विकला गेलेला पोको एफ१ वेगवान होता, पण त्यात एल१ नव्हतं. परिणामी उत्तम पडदा असूनही नेटफ्लिक्सचं चित्र एचडीत दिसेना. ती सोय अपडेटमधून यायला २०१९ उजाडलं. त्याच्या थोडं आधी वनप्लस ५ आणि ५टी घेतलेल्यांना तर एल१ हवं असेल तर फोन कंपनीकडे पाठवावा लागला, कारण तिच्या अधिकृत संगणकाला तार जोडूनच ती किल्ली फोनमध्ये उतरवता येत होती.