धमन्यांतील कॅल्शियम मोजणारा संगणक

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या भिंतींत मेदाचे थर साचतात आणि कालांतराने त्यांत कॅल्शियम जमते. सीटी स्कॅनच्या चित्रांत हे कॅल्शियम पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. संगणकाच्या साहाय्याने केलेली या ठिपक्यांची मोजदाद म्हणजे 'कॅल्शियम स्कोअर'. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ आर्थर अ‍ॅगॅट्स्टन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली.

मोजणी कशी होते?

सीटी चित्रातील प्रत्येक बिंदूला घनतेनुसार हाउन्सफिल्ड अंक मिळतो. पाण्याचा अंक शून्य, तर हवेचा उणे १०००. किमान १३० अंक आणि सुमारे १ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ असलेला धमनीतील ठिपका कॅल्शियम म्हणून धरला जातो. त्याच्या क्षेत्रफळाला घनतेनुसार १ ते ४ या गुणकाने गुणतात. १० चौरस मिलिमीटरच्या ठिपक्याची कमाल घनता ३५० असल्यास गुणक ३ व गुण ३० होतात. सर्व ठिपक्यांच्या गुणांची बेरीज हा स्कोअर होय. १ ते ९९ अल्प, १०० ते ३९९ मध्यम आणि ४०० वा अधिक तीव्र मानतात.

शून्य म्हणजे निर्धोक नव्हे

कॅल्शियम न जमलेला मऊ मेद या मोजणीत दिसत नाही. भारतीयांना हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो. त्यामुळे तरुण, धूम्रपान करणाऱ्या वा मधुमेही व्यक्तीने शून्यावर विसंबू नये. ही चाचणी मुख्यतः लक्षणे नसलेल्यांचा भावी धोका अजमावण्यासाठी आहे. लक्षणे असल्यास डॉक्टर सीटी अँजिओग्राफी सुचवू शकतात. तिच्या चित्रांवरून धमनीतील रक्तप्रवाहाचे गणित मांडणाऱ्या 'हार्टफ्लो' प्रणालीला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

खानदेशातील रुग्णांसाठी

धुळ्यातील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापाठोपाठ जळगावातही २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही विशेष उपचारांसाठी अनेकांना नाशिक, मुंबई गाठावी लागते. सीटीची चित्रे 'डायकॉम' या सर्वमान्य स्वरूपात असतात, त्यामुळे ती दूरच्या तज्ज्ञांनाही तपासता येतात. म्हणून अहवालासोबत मूळ चित्रांची सीडी जपून ठेवावी.

मात्र छातीत दाटून येणे, घाम फुटणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसताच स्कोअरची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात तातडीने ईसीजी काढावा.