मुहूर्तमेढ ते मंडपोद्वासन : भिलाईच्या संदर्भात कापडी मंडपाचा कलाविचार

मराठी लग्नघरात मांडव घालण्यापूर्वी शुभवेळ पाहून पहिला खांब रोवला जातो, ती मुहूर्तमेढ. त्यानंतर मंडपदेवतेची प्रतिष्ठा होते, कार्य सिद्धीस जाते आणि शेवटी मंडपोद्वासन होऊन देवतेला निरोप दिला जातो. मांडवाचा आरंभ जसा विधिपूर्वक, तसाच त्याचा शेवटही. पुढे हा शब्द विवाहाच्या चौकटीबाहेर पडला. शाळा, वृत्तपत्र, कारखाना यांपैकी कशाचीही स्थापना झाली की मराठी लेखक ‘मुहूर्तमेढ रोवली’ असे म्हणतो. टिकावे म्हणून उभारलेल्या वास्तूचे वर्णन उतरवण्यासाठीच घातलेल्या मांडवाच्या शब्दाने करावे, यात एक अंतर्विरोध आहे. तात्पुरत्या कापडी रचनेकडे कला म्हणून पाहायचे झाल्यास या अंतर्विरोधापासूनच आरंभ करणे सोयीचे ठरते. आणि त्यासाठी भिलाईइतके बोलके स्थळ क्वचितच सापडेल.

भिलाईची मुहूर्तमेढ पोलादाची. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलाद काढणारा कारखाना दुर्ग जिल्ह्यात उभारण्याचे ठरले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली आणि २००० साली छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. कारखान्याबरोबर क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांची नगरी वसली. बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी, मराठी अशा नाना भाषांची कुटुंबे तेथे आली. या वसाहतीला रस्ते, शाळा, रुग्णालय आराखड्यातून मिळाले. सामायिक स्मृती मात्र आराखड्यातून मिळत नाही. ज्या मैदानांना इतिहास नव्हता, त्यांवर भाद्रपदात गणपतीचे आणि आश्विनात दुर्गेचे मंडप उभे राहू लागले. नव्या नगरीतील माणसे ज्या छताखाली एकमेकांना प्रथम भेटली, त्यांपैकी एक छत कापडाचे होते.

या कापडाला भाषेचा दीर्घ इतिहास आहे. ‘मंडप’ हा शब्द संस्कृत. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे नाट्यमंडपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंदिराचा दगडी मंडप आणि लग्नाचा बांबूचा मांडव या दोहोंना एकच शब्द पुरतो; म्हणजे टिकाऊपणा हा या संकल्पनेचा आवश्यक घटक नाही. ‘कनात’, ‘तंबू’, ‘शामियाना’ हे शब्द दरबारी आणि लष्करी छावणीतून आले. राहुटी आणि डेरा ही तर मराठा सैन्याच्या नित्य व्यवहाराची भाषा. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात पोहोचली आणि बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. त्या काळी राजसत्तेचे फिरते रूपही कापडाचेच असे. आज विदर्भात मंडपाचे साहित्य भाड्याने देणारे ‘बिछायत केंद्र’ असते, छत्तीसगडात ‘टेंट हाउस’, तर पश्चिम महाराष्ट्रात ‘मंडपवाला’. छत्तीसगडीतील ‘मडवा’ आणि मराठीतील ‘मांडव’ हे तर सख्खे भाऊच.

रचनेच्या दृष्टीने येथे दोन परंपरा वेगळ्या करायला हव्यात. सार्वजनिक उत्सवाच्या मंडपात बांबूचा किंवा लोखंडी नळ्यांचा सांगाडा भार पेलतो. कापड त्यावर ताणून, चुण्या घालून, टाचून बसवले जाते. ते त्या सांगाड्याची त्वचा असते. दुसऱ्या परंपरेत कापड स्वतःच भार पेलते. कापड दाब सोसत नाही, केवळ ताण सोसते. म्हणून त्याला परस्परविरुद्ध दिशांनी दुहेरी बाक द्यावा लागतो. सपाट कापडावर पाणी साचते आणि ते वाऱ्याने फडफडते. घोड्याच्या खोगिरासारखा बाक मिळाला की तेच कापड ताठ राहते. जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांनी कासल येथील उद्यानप्रदर्शनात उभारलेला चार टोकांचा संगीतमंडप या विचाराचे आरंभीचे उदाहरण मानला जातो. त्याचे साल १९५५, म्हणजे भिलाईच्या कराराचेच. ओटोंच्या बरोबरीने पीटर स्ट्रोमायर या तंबूनिर्मात्याचेही नाव त्या इतिहासात नोंदले गेले, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

भिलाईच्या परिसरात कापडाखाली केवळ मूर्ती बसली नाही. तेथे वाङ्मय घडले. नाचा या लोकनाट्याला बांधीव रंगमंच लागत नाही. चार खांब, वर ताणलेला चांदवा आणि भोवती प्रेक्षक एवढ्यावर रात्र निघते. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांनी पंडवानीची कापालिक शैली अशाच गावसभांतून घडवली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्यांच्या महाभारताची पहिली रंगभूमी खेड्यातलीच होती. दाऊ रामचंद्र देशमुख यांचा ‘चंदैनी गोंदा’ १९७१ मध्ये दुर्गजवळच्या बघेरा गावातून पुढे आला. हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’ या नाटकाचा पहिला आराखडा भिलाईतील कार्यशाळेत ‘चोर चोर’ या नावाने सिद्ध झाला आणि सतनामी समाजाच्या उघड्यावरील मेळाव्यापुढे सादर झाला. सत्याचा आग्रह धरणाऱ्या या पंथाची खूण म्हणजे जैतखांब : एक पांढरा खांब आणि त्यावर गुरू घासीदास जयंतीला चढवला जाणारा पांढरा ध्वज. खोटे न बोलण्याच्या प्रतिज्ञेपायी प्राण गमावणाऱ्या चोराची कथा या समाजापुढे यावी, हा योग नाटकाच्या पुढील घडणीत निर्णायक ठरला.

येथे कापडाच्या दिशेचा प्रश्न उपस्थित होतो. डोक्यावर आडवे ताणलेले कापड समावेशक असते. चांदव्याखाली कोण यावे हे चांदवा ठरवत नाही. उभे कापड मात्र आतले आणि बाहेरचे असा भेद करते. मराठी तमाशातील ढोलकी फड जत्रांतून तंबू घेऊन फिरतो तेव्हा त्याच्या भोवती कनात येते, आणि कनातीबरोबर तिकीट येते. फडाचा संसार त्या तिकिटावर चालतो, म्हणून कनातीला दोष देता येत नाही. तथापि नाचा आणि तमाशा यांच्या संहितांची तुलना करताना कथानक, भाषा, विनोद यांची चर्चा होते आणि कनातीची होत नाही, ही उणीव आहे. प्रेक्षक कोण हे कापड ठरवत असेल, तर कोणाला उद्देशून बोलायचे हेही काही अंशी कापडच ठरवते.

पाश्चात्त्य कलाविचारात तात्पुरत्या कापडी रचनेला प्रतिष्ठा मिळवून दिली ती क्रिस्टो आणि जान-क्लोद या दांपत्याने. कोलोराडोतील दरीवर १९७२ मध्ये त्यांनी टांगलेला पडदा अवघ्या २८ तासांत वादळामुळे उतरवावा लागला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे ३९ किलोमीटर लांबीची कापडी भिंत १४ दिवस उभी राहिली. ती कनातच होती, पण तिकीट नसलेली. १९९५ मध्ये बर्लिनचे संसदभवन एक लाख चौरस मीटर कापडाने झाकले गेले आणि तेही १४ दिवसांपुरते. त्याच्या परवानगीसाठी मात्र दोन दशकांहून अधिक काळ गेला होता. दहा-अकरा दिवसांच्या गणेशोत्सवाशी या मुदतीचे साम्य सहज लक्षात येते. परंतु साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. क्रिस्टोंचे कापड उतरले तरी रेखाटने, छायाचित्रे, करारपत्रे मागे राहिली, आणि रेखाटनांच्या विक्रीतूनच या रचनांचा खर्च भागला. मंडपाचे कापड उतरले की धुऊन, घडी घालून दुसऱ्या कार्याला जाते. एकाची स्मृती संग्रहात, दुसऱ्याची पुनर्वापरात. पहिल्याला कर्ता आहे; दुसऱ्याला मंडळ आहे, वर्गणी आहे, कारागीर आहेत, पण स्वाक्षरी नाही. मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही स्थिती परिचयाची वाटावी. ओवीचा कर्ता जसा परंपरेत विरून जातो, तसाच मंडप बांधणाराही.

पुण्यात १८९० नंतरच्या दशकात भाऊसाहेब रंगारी, लोकमान्य टिळक आदींच्या प्रयत्नांतून गणपती देवघरातून रस्त्यावर आला, तेव्हा त्याला घर दिले ते मंडपाने. बंगालमध्ये दुर्गापूजा जमीनदाराच्या ठाकुरदालनातून बारोयारी आणि पुढे सार्वजनिक झाली, तेव्हाही हेच घडले. कोलकात्याच्या दुर्गापूजेचा समावेश युनेस्कोने २०२१ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. भिलाईत पुण्याची आणि कोलकात्याची ही दोन्ही कुळे एका नगरीत शेजारी आली. तेथील मंडपाकडे कोणत्याही एका प्रांताच्या परंपरेची शाखा म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे ठरते.

या रचनेच्या तात्पुरतेपणाला एक काळी बाजूही आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभासाठी घातलेल्या मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुले बहुसंख्य होती. कृत्रिम धाग्याचे कापड सुती कापडासारखे केवळ जळत नाही. ते वितळून अंगावर गळते. रुंद आणि मोकळ्या वाटा, विजेच्या तारांपासूनचे अंतर, आगरोधक द्रव्यात भिजवलेले कापड या अपेक्षा भारतीय मानकांत नमूद आहेत. तरीही ‘चार दिवसांचे तर काम’ हे वाक्य त्यांच्या आड येते. वास्तू तात्पुरती असली तरी तिच्याखाली बसलेली माणसे तात्पुरती नसतात. मंडपाला कला म्हणून मान्यता देण्याचा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही, हे येथे स्पष्ट होते. ज्याला कला मानले जाते त्याची नोंद होते, त्याच्या कर्त्याला नाव मिळते. आणि ज्याला नाव आहे त्याला जबाबदारीही असते. निनावी कामात श्रेय हरवते, तसेच उत्तरदायित्वही हरवते.

भिलाईच्या झोतभट्टीचे उद्घाटन कोणी आणि केव्हा केले, हे इतिहासात नोंदलेले आहे. त्याच नगरीतील मंडपांच्या इतिहासाची साधने अशा ठिकाणी विखुरलेली असतात, जिथे वाङ्मयाचा अभ्यासक सहसा जात नाही : मंडळांच्या वर्गणीच्या वह्या, बिछायतवाल्यांची मापे, घरोघरच्या छायाचित्रांतील मागचा पडदा. ही साधने कापडाइतकीच नाशवंत आहेत. मंडपोद्वासनाच्या विधीत देवतेला निरोप देताना तिने पुन्हा यावे अशी प्रार्थना असते. पुन्हा येणाऱ्याला ओळखायचे असेल, तर तो मागच्या वेळी कसा आला होता, हे कुणीतरी लिहून ठेवावे लागते.