वजाबाकीतला निसर्ग

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५०च्या दशकात बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल आणि यशपाल विश्वकिरणांतील के-मेसॉन कणांचा अभ्यास करीत होते. याच कणांनी १९६४ साली अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञांना धक्का दिला.

कणाच्या जागी प्रतिकण घेतला आणि घटना आरशात पाहिली, तरी निसर्गाचे नियम बदलत नाहीत, असा समज होता. याला सीपी सममिती म्हणतात. तिच्यानुसार दीर्घायुषी उदासीन के-मेसॉनपासून दोन पायॉन मिळता कामा नयेत. पण भारित कण देणाऱ्या सुमारे ५०० विघटनांत एकदा ते मिळतात, असे क्रोनिन, फिच आणि सहकाऱ्यांना आढळले.

हा भंग कण-प्रतिकणांच्या मिश्रणापुरताच आहे, की विघटनाच्या क्रियेतही आहे? कोबायाशी व मास्कावा यांच्या १९७३च्या सिद्धांतानुसार तो विघटनातही असायला हवा. या दोन भंगांचे गुणोत्तर किती, हे मात्र गणिताने सांगणे अवघड ठरले. का, ते पाहू.

मुकुंदवाडीलगतच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत वजनकाट्यावर एक मालमोटार तोलली, असे समजू. चालकासह ८,०६० किलो, चालकाविना ८,००० किलो. एकाच वजनात शेकडा अर्ध्याची चूक झाली, तरी चालक ६० ऐवजी २० किंवा १०० किलोंचा ठरेल!

के-मेसॉनच्या गणितातही अशीच वजाबाकी आहे. ग्लुऑनांमुळे येणारे पद धन, तर झेड बोसॉनमुळे येणारे पद ऋण. टॉप क्वार्क जितका जड, तितके ऋण पद मोठे. हा क्वार्क १९९५ साली फर्मीलॅबमध्ये सापडला. तेथील डी-झिरो प्रयोगात टाटा संस्थेचे शास्त्रज्ञही होते. त्याचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १८० पट आहे. त्यामुळे दोन्ही पदे एकमेकांना बरीच खोडतात, आणि एरवी किरकोळ वाटणाऱ्या पुढच्या क्रमाच्या दुरुस्त्या महत्त्वाच्या होतात. म्यूनिक व रोम येथील गटांनी १९९३च्या सुमारास त्या स्वतंत्रपणे मोजल्या.

त्याच वर्षी सर्नच्या प्रयोगाने हे गुणोत्तर दहा हजारांत २३ (चूक ६.५) असे दिले, तर फर्मीलॅबने ७.४ (चूक ५.९). दुसऱ्या उत्तरावरून ते शून्यही असू शकले असते. १९९९ साली दोन्हीकडच्या नव्या प्रयोगांनी ते शून्य नाही, हे निश्चित केले. आजची सरासरी १६.६ असून चूक २.३ आहे.

महासंगणकांवरील २०२०च्या गणिताने उत्तर दिले २१.७, पण त्यात चूक सुमारे ८. म्हणजे सिद्धांत आणि प्रयोग जुळतात खरे, परंतु सिद्धांताची चूक प्रयोगाच्या तिपटीहून अधिक आहे. एवढ्या फटीत एखादा अज्ञात कण सहज लपू शकेल. म्हणूनच या दुरुस्त्यांचे काम संपलेले नाही. वर्गात चुकांचे गणित शिकवताना मालमोटारीचे हे उदाहरण अवश्य द्यावे, असे आम्हांस वाटते.