पाचवा पाय

तळ्यातले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरले, तर त्यात झटके देत पोहणारे पांढुरके ठिपके दिसतात. त्यांतले बरेचसे सायक्लॉप्स असतात. लांबी जेमतेम एक मिलिमीटर आणि डोळा एकच, म्हणून ग्रीक कथांतल्या एकाक्ष राक्षसाचे नाव त्यांना मिळाले.

डेन्मार्कच्या म्युल्लर यांनी १७८५ साली या प्राण्यांची पद्धतशीर वर्णने प्रसिद्ध केली. पण सायक्लॉप्सची पिल्ले त्यांना वेगळेच प्राणी वाटले व त्यांनी त्यांना ‘नॉप्लियस’ असे नाव दिले. पुढे जिनिव्हाच्या ज्युरिन यांनी ही पिल्ले वाढवून पाहिली; त्यांचे पुस्तक १८२० मध्ये निघाले. चूक सुधारली, नाव मात्र पिल्लांना कायमचे चिकटले!

म्हणजे ओळख पटवायची ती प्रौढावरून, आणि शक्यतो मादीवरून. पण कशाच्या आधारे? रंग अन्नाप्रमाणे बदलतो, आकारमान ऋतूप्रमाणे. पोहण्याच्या पायांच्या चार जोड्या पाहाव्यात, तर त्या साधारण सारख्याच. जर्मनीतील श्माइल यांनी १८९२ मध्ये भर दिला तो पाचव्या जोडीवर. हा पाय खुरटलेला, पोहण्याच्या कामाचा नाही, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. मेसोसायक्लॉप्समध्ये त्याच्या शेवटच्या खंडाच्या टोकाला एक रोम आणि आतल्या कडेच्या मध्याजवळ एक काटा असतो. थर्मोसायक्लॉप्समध्ये दोन्ही टोकालाच. एवढ्याशा फरकावर प्रजाती ठरते. (हा पाय सुईने सुटा करताना आम्ही सुरुवातीला किती हरवले, ते न सांगितलेले बरे.)

पुढची अडचण जातींची. क्लाउस यांनी १८५७ साली एका जातीला प्राणिशास्त्रज्ञ ल्युकार्ट यांचे नाव दिले. ही ‘ल्युकार्टी’ मग जगभर सापडू लागली, भारतातही. योगायोग असा, की नारूचा जंतू सायक्लॉप्समध्ये शोधावा असे फेडचेंको यांना सुचवणारे ल्युकार्टच. फेडचेंकोंनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तान प्रांतात तो शोधून दाखवला. महाराष्ट्रातल्या पायविहिरींवर नारू होत असे तो याच वाटेने: पाय पाण्यात बुडवायचा, आणि तेच पाणी न गाळता प्यायचे.

‘ल्युकार्टी’ ही एक जात नाही, हे सविस्तर मांडले फ्रीडरिख कीफर यांनी, १९८१ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर. कीफर पेशाने शाळामास्तर. १९२७ मध्ये मोठ्या सायक्लॉप्स कुळाची फेरमांडणी करणारेही तेच. येथे पाचवा पायसुद्धा अपुरा पडतो. वीर्यकोशाची ठेवण, स्पर्शिकेच्या टोकाकडील पारदर्शक पटलाची कडा, चौथ्या पायांना जोडणाऱ्या पट्टीवरचे काटे असे बारकावे तपासावे लागतात. खरी ल्युकार्टी मुख्यतः युरोप व उत्तर आशियातली. आपल्याकडे आढळतात त्या थर्मोसायक्लोपॉइडिस, ॲस्पेरिकॉर्निस अशा निराळ्या जाती.

भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला. नारूवरच्या जुन्या लेखांत मात्र ‘ल्युकार्टी’ हेच नाव आहे. ती जात नेमकी कोणती होती, हे नमुने जपले असतील तिथेच सांगता येते. नुसत्या नावावरून पाचवा पाय दिसत नाही.