एल साल्वादोर १९८० : जमीन कागदावर, बंदूक दारात

जमीन सुधारणा म्हटलं की आपल्याला कूळ कायदा आठवतो, 'कसेल त्याची जमीन' आठवते. आज आपण ज्या देशाकडे वळतोय, तिथे हीच कल्पना यादवी युद्धाच्या तोंडावर कायदा बनून आली. तो देश म्हणजे मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर.

कॉफी, कापूस आणि ऊस यांच्या उत्तम जमिनी तिथे मोजक्या घराण्यांच्या हाती होत्या. ऑक्टोबर १९७९ मध्ये लष्करी उठाव झाला. नव्या सरकारने ६ मार्च १९८० रोजी ५०० हेक्टरांवरच्या, म्हणजे साधारण सव्वाबाराशे एकरांवरच्या, जमीनदाऱ्या ताब्यात घेतल्या आणि तिथल्या मजुरांच्या सहकारी संस्था उभ्या करायचं ठरवलं. डाव्या बंडखोरांचा पाठिंबा तोडणं हा हेतू होता आणि अमेरिकेची त्याला साथ होती.

पण त्याच दिवशी देशात आणीबाणीही लागू झाली. जमीन ताब्यात घ्यायला गेले ते सैनिकच. मजुरांनी आपले पुढारी निवडले, आणि त्यातल्या अनेकांना सुरक्षा दलांनीच मारलं. म्हणजे निवडून आलेला माणूस कोण, हे गोळी घालणाऱ्याला आयतंच कळत होतं. कृषी खात्याचे उपसचिव होर्हे विल्याकोर्ता यांनी याच कारणाने त्याच महिन्यात राजीनामा दिला.

एप्रिलअखेर दुसरा हुकूम निघाला: कूळ जी जमीन कसतं, त्यातली ७ हेक्टरांपर्यंतची त्याला मागता येईल. आता मालक काय करणार? कुळाने अर्ज करण्याआधीच त्याला हुसकून लावणार. हजारोंच्या बाबतीत तेच झालं. कॉफीच्या मळ्यांना हात लावणारा मधला टप्पा तर रखडला तो रखडलाच. जानेवारी १९८१ मध्ये जमीन सुधारणा संस्थेचे प्रमुख रोदोल्फो व्हिएरा यांचीच राजधानीतल्या एका हॉटेलात हत्या झाली.

म्हणजे सुधारणा अगदीच फसवी होती का? तसंही नाही. अनेक कुटुंबांना खरोखर जमीन मिळाली. पण युद्ध थांबलं जानेवारी १९९२ मध्ये, सुमारे ७५,००० माणसं गेल्यानंतर, आणि त्या शांतता करारातही जमिनीचा प्रश्न पुन्हा घ्यावाच लागला.

आपण यातून काय घ्यायचं? जमीन कुणाची हे कायदा ठरवतो. पण ती कसणारा जिवंत राहील का, हे गावातली बंदूक कुणाच्या बाजूने आहे त्यावर ठरतं. सरकारने पहिला प्रश्न सोडवला आणि दुसरा तसाच ठेवला, त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली.